बकरी कोणी उघडायची

"तू उचल गं. तुला काही वाटणार नाही."

सर असं म्हणाले तेव्हा आम्ही चौघं विद्यार्थी टेबलाभोवती उभे होतो. टेबलावर मेलेली बकरी. सरांनी आणि ओंकारने ती नुकतीच उघडून बघितलेली. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडावरच्या बारक्या ग्रंथी काढून बरण्यांत ठेवलेल्या. उरलेली बकरी मागच्या फाटकापर्यंत न्यायची होती. शिपाई रजेवर होता.

बकरी माझी होती. म्हणजे माझ्या प्रयोगातली. बकऱ्या ऊन कसं सोसतात, हा माझा पीएचडीचा विषय. बकरीला घाम फारसा येत नाही. धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर काढते. टिटवाळ्याच्या पुढे आमच्या संस्थेचा गोठा आहे, तिथे पत्र्याखाली बसून मी तिचा श्वास मोजायचे. कूस वर-खाली होते ती बघत. ओंकारचा विषय माशांचं रक्त. त्याचा बकरीशी काडीचा संबंध नाही. तरी कात्री त्याच्या हातात.

मी मागितलेली. सर म्हणाले, "हे नाजूक काम आहे. घाई नको."

उचलायला मात्र मीच.

सरांना माझं घर माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलेलं, "वडील काय करतात?" मी ताठ मानेने सांगितलं होतं. माझे बाबा मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीवर होते. रस्त्यावरचं कुत्रं, तबेल्यातली म्हैस, सगळं. त्यावर सर "हं" म्हणाले होते. तो "हं" मला त्या दिवशी कळला.

मी उचलली. दोन्ही हातांवर घेतली. मान लोंबत होती, माझ्या कोपरावर आपटत होती. कुडत्याला रक्त लागलं. परत आले तर सगळे डबे उघडून बसलेले. आमच्यातल्या मैत्रेयीने पाण्याची बाटली हळूच स्वतःकडे सरकवली. काही बोलली नाही. हसली उलट.

मी साबणाने तीनतीनदा हात धुतले. तरी जेवले नाही.

शहाडला घरी आल्यावर सांगितलं. आई म्हणाली, "एवढी वर्षं काढलीस, अजून थोडी काढ. डिग्री आली की कोण विचारतंय?"

बाबा निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून बाहेरच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नाहीत. ते म्हणाले, "मी उचलायचो ते तुमच्या पोटासाठी. तू कशासाठी उचललीस?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

कशासाठी? सर नाराज होतील म्हणून. ते म्हणाले, "तुला काही वाटणार नाही," आणि मला वाटतंय हे दाखवायची लाज वाटली म्हणून. घाबरले म्हणून.

मे महिन्यात अजून एक बकरी गेली. मी पोचले तेव्हा ती टेबलावर होती, हत्यारं ओंकारसमोर मांडलेली. मी हातमोजे घातले. ट्रे माझ्याकडे ओढला.

"काय चाललंय?" सर.

"बकरी माझ्या प्रयोगातली आहे सर. मी उघडणार."

"आणि मग उचलणार कोण?"

त्यांच्या तोंडून ते सहज गेलं.  ओंकार टेबलाकडे बघत राहिला.

शिपायाला बोलवा, असं ओठांवर आलेलं. पण शिपाई म्हणजे तरी कोण? बाबांसारखाच कोणीतरी. मी म्हटलं, "चौघं मिळून उचलू सर. पाचवे तुम्ही."

सर दरवाजा आपटून गेले.

पहिला छेद वाकडा गेला.  दुसरा सरळ. फुप्फुसं लालजांभळी, फेसाने भरलेली. धापा टाकून टाकून ती बकरी आतून बुडाली होती. महिनोन् महिने जे बाहेरून मोजलं, ते पहिल्यांदा आतून बघितलं. डोळे भरले. ते बकरीसाठी की माझ्यासाठी, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी गोठ्याची चावी काढून घेतली. मी संस्थेच्या समितीकडे सरांची तक्रार केली.

समितीने ठाण्याच्या ऑफिसात बोलावलं. चहा दिला. एक मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, सर मनाने चांगले आहेत. तुझा गैरसमज झाला असेल. ते तुला केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणतील. हवं तर विषय बदलून देऊ. वनस्पतींचं काहीतरी घे."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"विषय बदलणार नाही. तक्रार मागे घेणार नाही. आणि सर जे सगळ्यांसमोर बोलले, ते सगळ्यांसमोरच परत घ्यायचं. केबिनमध्ये नाही."

मॅडमनी फाईल मिटली. "मग अवघड होईल तुला," म्हणाल्या.

होतंय. गोठ्याच्या फाटकावर मला थांबवतात. सर सही करत नाहीत. फेलोशिप अडकली आहे. आई माझ्याशी नीट बोलत नाही. 

तरी मी रोज जाते. फाटकाबाहेर उभी राहते, सगळ्यांना दिसेल अशी. ही समिती ऐकणार नसेल तर हिच्या वरची. तिनेही नाही ऐकलं तर कोर्ट. डिग्री उशिरा मिळेल, कदाचित मिळणारही नाही. पण मान खाली घालून मिळणार असेल, तर मला ती नको.