दाखल्याच्या दिवशी

वारूळवाडीतला माझा शेजारी जन्मभर पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करत आला. कंपवात जडला आणि तारेचं बारीक काम सुटलं, पण तोंडाची फिरकी काही सुटली नाही. बशीतला चहा सांडला की म्हणायचा, "हात न्हाई हलत राव, चहाच हलतोय."

अपंगत्वाचा दाखला मिळाला तर त्याला पेन्शनसाठी अर्ज करता येणार होता. तपासणीला मीच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. वाटेत चारदा बजावलं, "भाऊ, तिथं मर्दुमकी नको. जे जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगायचं." त्यानं मान डोलावली. की ती आपली आपणच डोलत होती, ते मात्र कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कपडे कोण घालतं?"

"मीच की! शर्टाची समदी बटनं माझी मी लावतो."

मी कपाळावर हात मारला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग आत्ता काढून परत लावून दाखवा."

काढतानाच त्याला घाम फुटला. लावताना पहिलं बटण चारदा निसटलं. बाहेरची रांग कुरकुरायला लागली. तिसऱ्या बटणापर्यंत बाईंनी काय ते पाहिलं, टक्केवारी लिहिली आणि सही केली. "झालं काका, दाखला मिळेल. या आता."

मला हायसं वाटलं. बटणं लावून द्यायला मी हात पुढे केला, तर त्यानं तो कोपरानं बाजूला सारला.

"जरा थांबा म्याडम, अजून दोन ऱ्हायलीत."

बाईंनी पेनाला टोपण घातलं आणि त्या थांबल्या.