रत्नदीपने बांधलेली पेटी

रंगभूमीवर अर्धं आयुष्य मी खऱ्या पेटीच्या साथीने गायलो. म्हणून रत्नदीपने आमच्यापुढे पहिल्यांदा कीबोर्ड मांडला तेव्हा मी नाक मुरडलं.

"नाना, तोंड वाकडं करू नका, आधी ऐका तरी," म्हणत त्याने षड्ज धरला. मी डोळे मिटले. भात्याचा श्वाससुद्धा होता हो त्यात!

रत्नदीप राहायचा मानपाड्याला, कामाला वागळे इस्टेटमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर. कानात बोळे घालत नसे. "मशीनचा आवाज फिरला की माल बिघडतो. बोळे घातले तर कळणार कसं?" म्हणायचा. संध्याकाळी आमच्या जुन्या नाट्यपदांच्या कार्यक्रमांत साथीला यायचा.

कीबोर्डात कंपनीने भरून दिलेली पेटी त्याला चालत नसे. "ती लग्नाच्या हॉलातली," म्हणायचा. यंत्राच्या आत शिरून तो आवाजाची वाटच बदलायचा. दोन आवाज घ्यायचा. एक फिल्टरमधून न्यायचा, म्हणजे त्याची धार उतरते. दुसरा थेट सोडायचा. पुढे दोघांना एकत्र करून हलका घुमारा द्यायचा. एवढ्याशा पडद्यावरचे चौकोन आणि रेघा हलवत तो तासन् तास बसे. त्यातून ती पेटी झाली होती.

मग ती हळूहळू बोचू लागली. त्याला आवाज मंद वाटे, म्हणून धार वाढवायला तो फिल्टर उघडत चालला होता.

"रत्न्या, पेटी वाजवतोस की पत्रा कापतोस?" आमचा साउंडवाला साईनाथ चिडवायचा.

"तुझे स्पीकर बदल आधी!"

त्याची बायको वैशाली मला एकदा हळूच म्हणाली, "नाना, यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की भडकतात."

कल्याणच्या कार्यक्रमाला त्याने फिल्टर वाटेतून काढूनच टाकला. पहिल्या पदाला पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले, मागचे दोघे-तिघे उठले. साईनाथने त्याचा आवाज हॉलमध्ये जाणंच बंद केलं. त्याच्याजवळचा छोटा स्पीकर तेवढा चालू ठेवला. नुसत्या तबल्याच्या साथीवर मी गात राहिलो. आणि शेजारी रत्नदीप, मान डोलवत, जीव ओतून वाजवत होता. प्रेक्षकांपर्यंत त्यातला एकही सूर पोचत नव्हता.

पडदा पडताच तो माझ्याकडे आला. "नाना, आज पेटी काय निघाली ना!"

विंगेतून वैशाली पुढे झाली. "अहो, तुमचा आवाज पहिल्याच पदाला बंद केला साईनाथभाऊंनी."

त्याने साईनाथकडे पाहिलं. "खरं रे?"

"लोक उठून चाललेले, रत्ना. काय करू मी?"

त्या रविवारी त्याने मला घरी बोलावलं. कॉटवर कीबोर्ड मांडलेला. "तुम्ही दोघं माझे कान. बरोबर वाटलं की थांबवा," म्हणाला. फिल्टर पुन्हा वाटेत घातला आणि थोडाथोडा मिटत गेला.

"अजून," वैशाली म्हणाली.

"अजून?"

"थोडं अजून... हां. हीच."

हीच ती पेटी! माझा हात आपोआप तालावर पडला. रत्नदीपने मात्र स्पीकरला कान लावला.

"ही? शेजारच्या खोलीत कुणी पुटपुटतंय, असं येतंय मला."

तरी त्याने पद धरलं. दुसऱ्याच ओळीत बोट बाजूच्या पट्टीवर पडलं. सूर उघड चुकला. त्याला पत्ता नाही. तो तिथेच रेंगाळत, रंगवत राहिला. मग त्याची नजर आमच्या चेहऱ्यांवर आली आणि बोटं थांबली.

"चुकलो ना?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं.

"बोला की! का आता घरातही माझा आवाज बंद?"

"चुकलात," वैशाली म्हणाली.

त्याने तो आवाज कीबोर्डात साठवला, बटण बंद केलं, वर कापड ओढलं.

"नाना, दुसरा वादक बघा. कीबोर्ड हाच घेऊन जा. फक्त फिल्टरला हात लावू नकोस म्हणावं त्याला."