जावयाने फुंकलेला काचेचा फुगा

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसतो. घाटंजीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट आहे मी. कोणाच्या अंगात यायला लागलं की चप्पल घालून सरळ बाहेर पडणारा माणूस... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेपासून दोन किलोमीटर आत, बंद पडलेल्या एका कापूस जिनिंगच्या शेडमध्ये काचशिल्पांचं छोटं संग्रहालय आहे. दोनच खोल्या. काचेचे मोर, काचेची कपाशीची बोंडं, असं बरंच काही. ते सुरू झालं त्या दिवशी तिथल्या कलाकाराने आलेल्या लोकांना तापलेल्या काचेत नळीने फुंकर मारू दिली होती. प्रत्येकाचा एक फुगा. मग त्याचं तोंड बंद करायचं, खाली नावाची चिठ्ठी लावायची आणि कपाटात मांडायचा. माझी धाकटी बहीण सुनंदा आणि तिचे यजमान, आमचे जावई विलासराव तिथे होते. विलासरावांचा फुगा दुधीसारखा वाकडा झाला, आणि तेच सगळ्यात जास्त हसले म्हणे.

पुढच्या वर्षी विलासराव पुसदला बियाणं आणायला गेले... ते परत आलेच नाहीत. फोन बंद. पोलीस, दवाखाने, नातेवाईक, सगळं पालथं घातलं. तीन वर्षं होत आली.

सुनंदा मात्र दर मंगळवारी त्या संग्रहालयात जायची, दोन गाड्या बदलून. एकदा मी चिडून विचारलं, "कायले जातं तिथं?"

"त्या फुग्यात त्याईचा श्वास चालू हाय, दादा," ती म्हणाली. "जिवंत हायेत थे. मी पाहून राह्यली ना दर वेळी."

मी म्हटलं, "मी येतो संग. मले नाई दिसलं तर तुवं जानं बंद."

दुपारी साडेबाराला पोचलो. बाहेर रखरखीत ऊन, आत आम्ही दोघं आणि तिथलं बघणाऱ्या एक काकू. कपाटात तीसेक फुगे. पाच मिनिटं काही नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता हिला समजावायचं कसं?

आणि विलासरावांच्या फुग्यावर वाफ धरली. आतून. मग विरली. मग परत धरली.

काकूंनी कपाट उघडून दिलं. मी रुमालाने फुगा बाहेरून पुसला, खिडकीतल्या उन्हातून सावलीत नेला, कुठे चीर आहे का म्हणून बोटं फिरवली. कुठेच काही नाही. शेजारचे सगळे फुगे स्वच्छ. मी घड्याळ लावून मोजलं — मिनिटाला पंधरा-सोळा वेळा, झोपलेल्या माणसासारखं.

सुनंदाने फुगा ओंजळीत घेतला. "पाह्यलं ना तू?" एवढंच बोलली. तीन वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं मला.

मग वाफ उशिरा यायला लागली. एकदा आली, बराच वेळ थांबली, गेली. आणखी एकदा, अगदी पुसट. त्यानंतर आलीच नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सुनंदा फुग्यावर हात चोळत राहिली, जसं गारठलेल्या माणसाचे तळवे चोळतात तसं. "घ्या ना... अजून एक घ्या," असं पुटपुटत होती. काकू तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. संध्याकाळी शेड बंद होईपर्यंत आम्ही बसून होतो. काच कोरडीच राहिली.

त्यानंतर मी चार वेळा एकटा जाऊन आलो. काही नाही. आमच्या कॉलेजातल्या सरांना, नाव न सांगता, विचारलं. ते म्हणाले, आत ओल राहिली असेल. असेल. पण मग एकाच फुग्यात का, आणि श्वासासारखी का, आणि त्याच दुपारी आमच्या डोळ्यांसमोर का थांबली? पोलिसांकडूनही आजपर्यंत काही कळलेलं नाही. ना माणूस, ना बॉडी.

आता सुनंदा संग्रहालयात जात नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की मला फोन करते.

"दादा, आज कुंकू लावू का नको?"

मी रोज सांगतो, "आज लाव."

उद्या काय सांगायचं, ते मला माहीत नसतं.