भांगेच्या वावरातले पक्षीथांबे

आयर्लंडमध्ये रीतसर भांग पिकवता येते, हे मला २०१७ पर्यंत माहीत नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्याने नोकरी अर्धवेळ केली आणि मीथ परगण्यात वडिलांच्या जमिनीच्या एका तुकड्यात ती पेरली, तेव्हा कळलं. त्यासाठी परवाना लागतो. वाण नशा न आणणारा आणि मान्यताप्राप्तच हवा. शेत रस्त्यावरून दिसू नये, म्हणून त्याने घरामागचा, उंच कुंपणाआडचा तुकडा निवडला होता. त्याला पानं-फुलं नको होती. बी हवं होतं, तेल काढण्यासाठी.

ही गोष्ट त्याच्या दुसऱ्या वर्षाची. पहिल्या वर्षी अळ्यांनी शेंडे कुरतडले. त्यांची विष्ठा कणसांत अडकली, वर पाऊस पडला आणि बी धरायच्या आतच सगळं करड्या बुरशीने सडलं. वडिलांनी आणखी एका हंगामाची मुभा दिली होती. याही वेळी बी हाती आलं नाही, तर त्या तुकड्यात पूर्वीसारख्या गाई चरणार होत्या.

त्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे ओंगार या उपनगरात आली होती. वर्ध्याजवळ तिने आयुष्यभर कापूस, तूर आणि सोयाबीन केलं. आमच्या घरात तिच्याजोगं काम नव्हतं. ती मागच्या दारी खुर्ची टाकून बसायची आणि शेजाऱ्याचं गवत कापायला झालं आहे, असं आम्हाला सांगायची. एकदा जेवताना नवऱ्याने मित्राच्या अळ्यांचा विषय काढला.

“गांज्याच्या वावरात जाता तुमी, जावईबापू?” आईने विचारलं. “अन् पोलीस?”

“पोलिसांना माहीत आहे, आई. परवाना आहे त्याच्याकडे.”

“मंग मले बी घेऊन चाला.”

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही गेलो. साडीवर जावयाचं जॅकेट आणि पायात मित्राच्या आईचे रबरी बूट, अशा वेशात आई ओळीत शिरली. झाडं तिच्या डोक्याच्या वर गेली होती. हवा खेळावी म्हणून त्याने या वर्षी ओळी रुंद ठेवल्या होत्या. आईने एक शेंडा वाकवून उकलला. आत हिरवी अळी होती. बोट लावताच ती पाठीची कमान करून चालू लागली.

“उंटअळी हाये,” आई म्हणाली. “आपल्या सोयाबीनवर येते, तशीच.”

फवारणीचा प्रश्न नव्हता. तेल घेणाऱ्याला बिनफवारणीचंच बी हवं होतं. आईने पक्षीथांबे सुचवले. उंच काठीला आडवी काठी बांधायची आणि ती पिकात रोवायची. पक्षी वर बसतात आणि अळ्या टिपतात. विदर्भात हे सगळेच करतात. मी भाषांतर केलं.

“ग्रँड,” तो म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘छान, चालेल’. त्याने लगेच कुंपणाचं जुनं लाकूड काढलं आणि आईच्या देखरेखीखाली थांबे ठोकले.

पुढच्या शनिवारी एकही थांबा रिकामा नव्हता. लाल तोंडाचे, पंखांवर पिवळी पट्टी असलेले लहान पक्षी थव्याने बसले होते. आई खूष झाली. “पाय, कसे जमले! त्याले इचार, बरं वाटलं का नाई?”

“ग्रँड,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी तो आईकडे नाही, शेंड्यांकडे बघत होता.

आई पुढे गेल्यावर मी त्याला विचारलं, हे कोणते पक्षी.

“गोल्डफिंच. आमच्याकडे लोक बागेत त्यांच्यासाठी दाणे टांगतात. त्यात हे बी असतं.”

“म्हणजे ते तुझं पीक खातायत?”

“थोडं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुझी आई आहे. इतक्या लांबून आलीये.”

“आणि पीक?”

“हो, तेही आहे.” त्याने जवळच्या थांब्याकडे हात केला. “मी ठरवलं होतं, तुम्ही गेलात की थांबे उपटायचे आणि पुढच्या शनिवारी तुम्ही यायच्या आत परत ठोकायचे.”

तेवढ्यात आईने हाक मारली. ती एका थांब्याखाली उकिडवी बसली होती. तिच्या तळहातावर दुभंगलेली टरफलं होती.

“हे बियाचं फोल हाये. हे पाखरं अळ्या टिपाले नाई आले, जेवाले आले.” तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “त्याले मालूम होतं?”

“होतं.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“तू पाहुणी आहेस म्हणून.”

आई उठली आणि तिने थांबा दोन्ही हातांनी उपटला. “इचार त्याले. उद्या मी म्हटलं वावर पेटव, त पेटवशीन का लेका?”

मी शब्दशः भाषांतर केलं. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “आगपेटी शोधायला बराच वेळ लावला असता,” तो म्हणाला. आईला हसू आवरेना. उरलेले थांबे दोघांनी मिळून काढले.

त्यानंतर आईने तुरीतला दुसरा उपाय काढला. ओळींमध्ये जुन्या चादरी अंथरायच्या, झाडं हलकेच हलवायची आणि पडलेल्या अळ्या बादलीत गोळा करायच्या. आठवडाभर तो सकाळी एकटा करायचा. शनिवारी आम्ही सगळे जायचो. अळ्या त्याच्या कोंबड्यांना जायच्या. आई बादली घेऊन निघाली की कोंबड्या फाटकापर्यंत यायच्या. “चाल वं, तुई पंगत आली,” असं आई त्यांना म्हणायची. सगळ्या अळ्या संपल्या नाहीत. पक्षीही कुंपणावरून येत राहिले, पण तेवढ्या संख्येने नाही.

सप्टेंबरात पाऊस थांबल्यावर त्याने कणसं कापली आणि शेडच्या फरशीवर वाळत घातली. काही कणसं बुरशीने गेलीच. उरलेली आम्ही ताडपत्रीवर झोडपली. आईने स्वयंपाकघरातला मोठा ट्रे मागून घेतला आणि दारातल्या वाऱ्यावर बी पाखडायला बसली.

त्याचे वडील दुपारी आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी अर्ध्या भरलेल्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं बी वर काढलं, हुंगलं आणि दाताखाली एक दाणा फोडला. मुलगा झाडू हातात धरून उभा होता.

“गाई खालच्या कुरणात ठीक आहेत,” वडील म्हणाले. “पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच राहू देत.”

मुलाने मान हलवली आणि कोपऱ्यापासून फरशी झाडायला सुरुवात केली.

“काय म्हणे बुडा?” आईने विचारलं.

मी सांगितलं.

“मंग बरं झालं,” ती म्हणाली आणि तिने ट्रे माझ्याकडे सरकवला. “घे, आता तू पाखड. माया खांदा दुखून रायला.”