संजीवनी निघाली टांझानियाला

धामणगाव बढे गावात मळणी यंत्रं बनवणारा उद्धव म्हणजे मीच. दहावीला गणितात काठावर पास झालो आणि तेव्हापासून पोट भरतोय ते टेप धरून. देवाला थट्टा करायला बाकी कोणी मिळालं नसेल.

आमच्याकडे यंत्र तयार झालं, रंग वाळला, पूजा झाली, की सगळ्यात शेवटी त्याच्या डोक्यावर लोखंडी कमान चढते. कमानीत नाव असतं. कुणाच्या आईचं, कुणाच्या देवाचं. माझ्या सगळ्या यंत्रांवर एकच नाव, 'संजीवनी'. ती माझी बायको. पहिल्या यंत्रावर नाव पाहून ती लाजली होती. आता विचारते, "माहं नाव लोकाच्या वावरात काऊन धूळ खात फिरवता हो?" तरी मी नाव बदललं नाही. आणि कमान म्हणजे नवरदेवाचं बाशिंग. नवरदेवाची उंची सांगताना बाशिंग कोणी मोजतं का?

तर टांझानियातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने मोबाइलवर माझ्या यंत्राचा व्हिडिओ पाहिला. त्याला तसंच, पण बरंच मोठं यंत्र हवं होतं. मी हो म्हणून बसलो. त्याच्या मळणीआधी यंत्र तिथे पोचेल, असा शब्दही दिला. समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

यंत्र एवढं झालं, की बंद कंटेनरमध्ये मावेना. जहाजाने माल पाठवणाऱ्या मुंबईच्या एजंटाकडचा प्रसेनजित फोनवर म्हणाला, "उद्धवराव, भिंती आणि छप्पर नसलेला कंटेनर असतो, फ्लॅट रॅक म्हणतात. त्यावर यंत्र बांधून जहाजाच्या पोटात ठेवू. फक्त उंची अगदी अचूक कळवा. वर जहाजाचं झाकण बसतं."

मी टेप लावला. मोजलं, पुन्हा मोजलं, आकडा कळवला. एवढा काटेकोर मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हतो. तिथे मी मुहूर्त टळल्यावर पोचलो होतो.

निघायच्या दिवशी नारळ फुटला आणि रिवाजाप्रमाणे कमान चढली. या वेळी नेहमीपेक्षा उंच बनवली. परदेशात नाव लांबून वाचता यायला नको? तिकडे मराठी कोण वाचणार, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. बोल्टवर बसवली असती तर पान्याने निघाली असती. पण बायकोच्या नावाला बोल्ट लावणं मला हलकं वाटलं. चांगली जाडजूड वेल्डिंग मारली.

गावाने बँड लावला. शेजारचे नारायणराव 'आपला उद्धव सातासमुद्रापार' असं बोलले. वाटेत एकच समुद्र लागतो हे मला नकाशा पाहून माहीत होतं, पण सहा जास्तीचे मिळत असताना नाही कशाला म्हणा. मोताळ्यात ट्रेलर पोचला तर कमान केबलच्या वायरीत अडकली. लोकांनी बांबूने वायरी उचलून धरल्या आणि मी फोटो काढत राहिलो. ज्या गोष्टीने माझे डोळे उघडायला हवे होते, तिचा मी स्टेटस ठेवला.

बंदराबाहेरच्या यार्डात प्रसेनजितने माप घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही सांगितल्यापेक्षा दीड फूट जास्त भरतंय."

"ते कमानीचं हो," मी म्हणालो. "यंत्र तेवढंच हाये."

"जहाजाला कमान वेगळी आणि यंत्र वेगळं असं कळत नाही. झाकण बसणार नाही. कमान कापा, नाहीतर हे जहाज गेलं समजा. पुढच्या जहाजाने गेलात तर तिकडची मळणी आटोपलेली असेल."

म्हणजे एक तर माझा शब्द जाणार, नाहीतर तिचं नाव. लोखंड कापताना मी आयुष्यात कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण त्या दिवशी यंत्रावर चढलो, हातात गॅस कटर घेतला आणि मला चक्क रडू आलं. खाली प्रसेनजितला वाटलं, धूर गेला डोळ्यांत. कटर अजून पेटवलासुद्धा नव्हता.

वरूनच घरी फोन लावला. "संजीवनी, तुह्यं नाव कापा म्हणून राह्यले."

"मंग कापा ना," ती म्हणाली. "मी इथं धडधाकट हाये. नावानं काय दाणे निघते?"

कापली. यंत्र बोडक्या डोक्याने फ्लॅट रॅकवर बसलं आणि जहाजात गेलं. मी परतीच्या ट्रेलरने निघालो. एवढा लांबलचक ट्रेलर आणि त्यावर दोरीने बांधलेलं एकटं बायकोचं नाव. टोलनाक्यावरचा माणूसही वाकून पाहत होता.

घरी कमान ओसरीवर टेकवली आणि संजीवनीला सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली. स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. ती पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "पण तुम्ही तं दोन डाव मोजलं होतं न?"

"मोजलं ना. पण कमान थोडीच मोजतात? ते आपलं वरून लावायचं."

ती उठली. पदराने कमानीवरची काजळी पुसता पुसता म्हणाली, "म्हंजे इतके वर्स माहं नाव डोक्यावर मिरवलं, पण मापात मले कधी धरलंच नाही."

हसतच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मला मात्र हसता आलं नाही.