मार्जिनमध्ये न बांधलेलं बाथरूम

सक्करदऱ्याच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, कुणी पाया खोदायला घेतला की बाबा चपला घालून निघालेच. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, नकाशाप्रमाणे सोडली आहे का हे पाहिल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. नोकरीत असताना नियमांबद्दल साहेबांनी जे ऐकून घेतलं नाही, ते आता निवृत्तीनंतर सगळ्या लेआउटला ऐकावं लागत होतं. शेजारच्या काकांनी वरच्या मजल्यावर जायला मार्जिनमधून जिना काढला, तर बाबांनी तक्रार करून तो पाडायला लावला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दिवाळीचा फराळ मात्र आई आणि काकू भिंतीवरून एकमेकींना देत राहिल्या.

मागच्या उन्हाळ्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती थोडं चालायलाही लागली. पण आमचं संडास-बाथरूम मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. म्हणून खोलीतच भांडं द्यावं लागे. ते मी उचलायचे. मला त्याची कधी किळस आली नाही, पण आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग लक्षात आलं, ती पाणीच पीत नाहीये. नागपूरच्या मे महिन्यात! मी रागावले तर म्हणाली, "तुले किती वेळा बोलवू वं?" त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले.

तिच्या खोलीला लागून बाथरूम काढायचं तर सोयीची जागा एकच, खिडकीबाहेरचं मार्जिन. बाबा तिकडे नुसते पाहत उभे राहायचे. एका संध्याकाळी काकाच भिंतीशी आले.

"वहिनीसाठी बांधून घ्या न भाऊ. मी काही तक्रार करत नाही."

"तुमचा जिना पाडाले लावला मी," बाबा म्हणाले. "आता माह्याच घरी विटा रचू? कोणत्या तोंडानं?"

खिडकीतून आई कडाडली, "तुमचा नियम येते का मले धरून न्याले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मिस्त्रीला घेऊनच आले आणि आईच्या खोलीची दुसऱ्या बाजूची भिंत फोडायला सांगितली. त्या भिंतीपलीकडे त्यांची लाडकी बैठक. तिथल्या सोफ्यावर पोटच्या पोरांनाही बसू न देणाऱ्या माणसाने अर्धी बैठक बाथरूमला देऊन टाकली. शोकेस भंगारात गेली, सोफा व्हरांड्यात.

"बाबा, पाहुणे कुठे बसतील?" मी विचारलं.

"उभे राहतीन."

कामाला पाणी कमी पडलं तेव्हा काकांनी न विचारता आपल्या नळाचा पाइप भिंतीवरून टाकला. बाबांनी तो निमूट हातात घेतला.

बाथरूम झालं, आत धरायला दांडे बसले. आई पहिल्यांदा वॉकर घेऊन निघाली, तेव्हा आम्ही दोघं तिच्या मागे.

"पडशीन. पोरीले आत घे," बाबा म्हणाले.

आईने आमच्याकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी घाबरून दार वाजवायला गेले, तर बाबांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"लावू दे," ते म्हणाले. "लावू दे तिले."