उंबर आतून फुलतं

दुपारचं ऊन दारातून आत आलेलं, त्या उन्हात तिनं पाय लांब केलेले, आणि मी तिच्या पायांची नखं काढीत बसलेलो... आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. दोन वर्षं झाली, तिला वाकता येत नव्हतं, डोळ्यांनाही कमी दिसायचं, म्हणून दर पंधरा दिवसांनी हे काम माझ्याकडं असायचं. खोबरेल तेलाचा वास, टाचेच्या भेगांत बसलेली कांद्याच्या रानातली काळी माती – ती कितीही घासा, जात नाही – आणि नेलकटरचा कटकट आवाज. करंगळीपाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "अवो, नख कापलं तर दुखत कसं न्हाई?"

"म्येलेलं असतंय ते. हलू नको."

"म्हंजी माणूस थोडं थोडं म्येलेलं संगंच घिऊन फिरतंय म्हणा की!" असं म्हणून ती हसली. मी हसलो नाही. मला रानात पाणी धरायला जायची घाई होती.

संध्याकाळी चहा ठेवून ती भिंतीला टेकली ती टेकलीच. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण कितीतरी वर्षांनी तिनं मला एक प्रश्न विचारला होता, हे माझ्या ध्यानात यायला दहावा उजाडावा लागला.

सुभद्रा, माझी बायको, माझ्या मामाचीच पोरगी. आम्ही खुटबावचे, मामाचं गाव भीमेपलीकडं, शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला. चौथीत मास्तरांनी मारलं तेव्हा मी शाळा सोडली ती सोडलीच, आणि दर उन्हाळ्यात मामाची गुरं राखायला जाऊ लागलो. त्या उन्हाळ्यांचा वास अजून नाकात आहे – खळ्यावरच्या ज्वारीचा भुसा, नदीच्या डोहातलं शेवाळ, शेणानं सारवलेलं ओलं अंगण, आणि दुपारी सगळं गाव निजलं की तापलेल्या मातीचा तो करपट, कोरडा वास... त्या दुपारी सुबी निजायची नाही. मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसायची. एकदा तिनं रांगेच्या मधली माती बोटानं पुसून टाकली. मुंग्या तिथंवर येऊन थबकल्या, गोल गोल फिरू लागल्या, समोरचं वारूळ कुणाला सापडेना. "बघ किसन्या, डोळ्यानं न्हाई, वासावर चालत्यात त्या," ती म्हणाली. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं ओढतो, हेही तिनंच सांगितलं. मी विचारलं, तुला काय बेडकानं सांगितलं? तर म्हणाली, "सात दिस बसून बघितलं." पुढं कधीतरी लेकाच्या शाळेच्या पुस्तकातही तेच निघालं, पण तिनं पुस्तकाची वाट पाहिली नव्हती.

मामाच्या विहिरीवर उंबर होतं. विहिरीवर ओणवं झालेलं, खोडालाच फळांचे झुबके लगडलेले, आणि खाली पडून नासलेल्या उंबरांचा गोड-आंबूस वास दिवसभर घुमायचा. म्हातारी माणसं सांगायची – उंबराला फूल येतं, पण मध्यरात्री. देव ते लगोलग नेतात, माणसाच्या नजरेला पडत नाही, आणि ज्याला दिसलं तो राजा होतो. आम्हा पोरांना राजा व्हायचं होतं. देव घाईत असतील तर त्यांच्या हातून एखादं निसटेल, असा आमचा हिशेब. म्हणून आम्ही मामाचं धुवट धोतर चोरून दिवस मावळायच्या आत झाडाखाली पसरलं, कडेला दगड ठेवले, आणि सकाळी धावत गेलो, तर धोतरावर वटवाघळांनी अर्धी खाल्लेली फळं, पाखरांची घाण आणि चार पिवळी पानं. तीन दिवस आम्ही ते धोतर पसरलं. चौथ्या दिवशी मामानं आम्हाला धुतलं.

सुबी धोतरापाशी आलीच नाही. पलीकडं बसून कच्ची उंबरं अंगठ्यानं फोडत होती. मग मला हाक मारली. "किसन्या, फूल हितं हाय. आतल्या अंगाला. येक न्हाई, लई हायती. भाईरून दिसंलच कसं?"

मी पाहिलं. आत तांबूस लव होती, आणि फोडल्याबरोबर बारीक केमरं भुर्रकन उडाली.

"किडं हायती ती, येडे!" मी ओरडलो, आणि तसाच खळ्यावर पळत जाऊन सगळ्यांना सांगितलं की सुबीला उंबराचं फूल सापडलं – किडक्या उंबरात! खळं हसलं. मामा हसला. मागून सुबी आली, तिच्या हातात उंबराची दोन फाडं होती. ती रडली नाही. ती फाडं परकरात धरून घरात गेली. त्या दिवसापासून गावात तिचं नाव उंबराची येडी.

पुढं ती माझ्याच घरात आली. लग्नाआधी अरे-तुरे करायची, मग अवो-जावो करू लागली, आणि मी मात्र तोच राहिलो. तिनं काही विचारलं की माझं ठरलेलं – "का गं, आता कशात फूल दिसलं?" चारचौघांत म्हणायचो. माणसं हसायची, मला बरं वाटायचं. हळूहळू तिनं मला विचारणं सोडलं. मला वाटलं, संसारात पडली, शहाणी झाली.

ती शहाणीच होती. तिचे प्रश्न गल्लीतल्या पोरांकडं गेले. सकाळी दप्तरं पाठीला लावून पोरं शाळेला निघाली की दारात थांबायची – "आजी, आजचं?" आणि ती रोज एक सांगायची. सापाला बाहेरून कान नसतात, पुंगी हलते म्हणून तो डोलतो. मासा उघड्या डोळ्यांनी झोपतो, पापण्याच नाहीत त्याला. सूर्यफूल कोवळं असतं तोवरच सूर्याकडं वळतं, पिकलं की पूर्वेला तोंड करून थांबतं. मी बाजेवरून ऐकायचो आणि नाक मुरडायचो. एखादं पोर उंबराचं विचारायचं, तर म्हणायची, "त्ये आबांकडनं ऐका." मला वाटायचं, टोमणा मारते.

आता जे आहे ते सांगतो. वीसेक वर्षं झाली असतील. कांद्यावर फुलकिडे पडले होते, तेव्हा शेतीखात्याचा एक तरुण साहेब आला, पातीतले किडे बघा म्हणून भिंग देऊन गेला. दोन दिवस भिंग माझ्याकडं होतं. रानाकडच्या पाण्याच्या चारीवर उंबर आहे, त्याच्या खालून जाताना काय मनात आलं कुणास ठाऊक, मी एक कच्चं फळ फोडलं आणि भिंग धरलं. फुलं. पाकळीएवढीसुद्धा जागा नाही अशी दाटीवाटीनं भरलेली, देठासकट, शेकड्यानं फुलं. मी साहेबाला विचारलं, तर तो म्हणाला, "हो आजोबा, उंबर म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छच. ते बारीक किडे आत शिरतात, म्हणून तर बी धरतं." मी भिंग परत केलं. घरी आलो, जेवलो. तिनं विचारलं, "भाजीला मीठ बराबर हाय का?" मी म्हणालो, हाय. एवढंच बोललो.

का नाही बोललो? हसताना चारचौघं लागली होती, आणि चुकलो म्हणायला एकटा होतो. आज सांगू, उद्या सांगू... वीस वर्षं रोज दोन वेळा तिच्यासमोर जेवायला बसलो. तिला ठाऊक होतं का मी पाहिलंय ते? म्हणून पोरांना माझ्याकडं धाडायची का? आता हे कुणाला विचारू!

तेरावा झाला. लेकाची रांजणगावला शिफ्ट होती, तो जेवून निघाला. सून राहते म्हणाली, मीच नको म्हणालो. मंडपवाले खांब उपटून गेले. घरात कापराचा आणि गार झालेल्या अन्नाचा वास होता. दिवस कलायला शाळा सुटली. पोरं आमच्या दारापाशी येऊन पाय ओढू लागली. शेजारची तिसरीतली आरोही पुढं झाली.

"आबा, उंबराचं आजींनी तुमच्यावर सोडलं होतं. तुम्हाला येतंय का?"

"घरला जावा," मी खेकसलो. ती गेली. मागं वळून बघत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी चारीवर गेलो. पाच-सहा उंबरं काढली, धोतराला पुसली आणि दारात ती बसायची तिथं येऊन बसलो. पोरं कालच्या भीतीनं गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालली होती. मी हाक मारली. आली, पण लांबच उभी राहिली. मी एक उंबर फोडलं, केमरं उडाली, पोरं मागं सरली, आणि मग एकेक करून माझ्या तळहातावर वाकली. मी सगळं सांगितलं. फूल कुठं असतं, आत कोण शिरतं, बी कसं धरतं. हे कुणी शोधलं तेही सांगितलं, आणि तिला कोण हसलं तेही.

आरोहीनं दप्तर सावरलं, माझ्याकडं नीट पाहिलं.

"म्हंजी आबा, येडे तुम्हीच होता?"

"व्हय," मी म्हणालो.